चोविसावं घर

नारपोली, भिवंडी

तीर्थस्वरूप सुचेताताईंस,

ललिताचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल आणि भाऊजींचा खोकला गेला असेल असं धरून चालते. इकडे गेल्या आठवड्यात कंपनीच्या मानकोलीच्या गोदामातून टेम्पो आला. त्यातून काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे मनावरून उतरेल. राउटर नावाची लोखंडी पेटी एक (दिसायला पोळपाटाच्या खोक्याएवढी, उचलायला जात्यासारखी), निळ्या वायरी दोन, शाल एक (सुती निघाली), नारळ एक. वस्तू कंपनीच्या, म्हणून फुकट. पण टेम्पोवाला “भाभी, साडेचारसौ” म्हणत होता, त्याला तीनशेवर आणला, वर चढवायचे पन्नास निराळे. एकूण साडेतीनशे. एवढ्या खर्चात ताई, ह्यांची नोकरी घरी येऊन पडली.

तुम्हाला आजवर कळवलं नाही, कारण तुमच्या भावाने मला वज्रेश्वरीची शपथ घातली होती. ती आज मोडते आहे, देवीला मी स्वतः जाऊन सांगेन. साखरेने ह्यांची नजर गेली. आधी उजवा डोळा, आणि गणपतीनंतर डावाही. अमेरिकेतल्या गावोगावची असलीच जुनी यंत्रं ह्यांची कंपनी सांभाळते, आणि हे घरबसल्या लॅपटॉपवरून ती लावून द्यायचे. नजर गेली हे कंपनीला सांगावं तर काम जाणार. मग मीच त्यांचे डोळे झाले. ते सांगायचे, मी एकेक अक्षर शोधून दाबायची (मॅट्रिकला इंग्रजीत अडतीस मार्क होते, ते असे पुरवून पुरवून वापरले). यंत्राची बोली मला पटली. तार चालू करायची तर ‘चालू कर’ असं लिहीत नाहीत, ‘नो शटडाऊन’ लिहितात, म्हणजे बंद करू नकोस. मी म्हटलं, हे तर आपल्या घरातलंच. आपण निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो. ह्यावर हे खूप हसले. तेव्हा हसायचे.

तर टी-वन म्हणून एक तार असते आणि तिच्यात चोवीस घरं असतात. ती वेगवेगळ्या कामांना वाटून दिली तर तार चॅनलाइज्ड, आणि सगळी मिळून एकालाच दिली तर अनचॅनलाइज्ड. (खारबावला सासूबाई असताना एक चूल होती आणि पुढे तीन झाल्या, तसंच ना, असं मी विचारलं. हे म्हणाले, अगदी तसं नाही, पण लक्षात ठेवायला चालेल.) मात्र दोन्ही टोकांना सांगितलेलं जुळलं पाहिजे, नाहीतर तार मुकी.

त्या दिवशी तिकडच्या एका दवाखान्याला अख्खी तार हवी होती. हे म्हणाले, एक ते चोवीस लिही. आणि मी एक ते तेवीस लिहिलं. ताई, हात पुढे जाईना हो. तांदळाचा डबा कधी तळापर्यंत खरवडायचा नाही, मूठभर मागे ठेवायचे, हे सासूबाईंनी मला माप ओलांडल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवलं. म्हटलं, दवाखाना आहे, अडीअडचणीला एक घर शिल्लक असू दे. तार काही बोलेना. ह्यांनी सगळं पुन्हा पुन्हा तपासायला लावलं, मी ‘बरोबर आहे’ म्हणत राहिले. शेवटी ह्यांचा साहेब प्रितेश, त्याचा फोन आला. काका, समोर काय लिहिलंय तेवढं वाचा. ह्यांनी धडधडीत म्हणून दाखवलं, एक ते चोवीस. प्रितेशच्या स्क्रीनवर तेवीस. पोरगा वाईट नाही. “काका, तुम्हाला दिसतंय ना?” हे त्याने इतकं हळू विचारलं की मला फोनमधून त्याच्याकडचा पंखा ऐकू आला. हे म्हणाले, “नाही रे.”

मग मी चोवीस लिहिलं. तार लागली, दवाखान्याचं काम सुरळीत चालू आहे. मी ह्यांना म्हटलं, ओरडा तरी माझ्यावर. हे म्हणाले, तेवीस! आणि हसत सुटले. हसणं थांबेना, आणि थोड्या वेळाने ते हसणं राहिलं नाही.

निरोपाला काय हवं असं कंपनीने विचारलं, तेव्हा ह्यांनी ही पेटी मागितली. देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आहे, हळदकुंकू लावलं (भोकं सोडून). दिवसभर तिच्यावर हात ठेवून बसतात. जेवायला हाक मारावी लागते. इकडे बाकी क्षेम.

तुमची,
ललिता

ता. क. : खरं लिहायचं होतं ते हे. तुम्ही ह्यांना एक पत्र लिहा. भाऊजींच्या पतपेढीत तार घ्यायची आहे, ती वाटून घ्यावी की अख्खी, असं विचारा. पतपेढीला काही नको आहे हे मला ठाऊक आहे. पण त्यांना कुणीतरी काहीतरी विचारायला हवं आहे, आणि मी विचारलं तर त्यांना कळतं. फोन नको, तो ते स्वतः उचलतात आणि तुम्ही लगेच रडाल. पत्र मीच वाचणार, रडलेला भाग मी गाळीन.

ता. क. दुसरा : आल्यापासून पेटी लावली आहे असं त्यांना सांगितलं आहे. खरं तर विजेचं बिल आठवून मी पिन काढून ठेवली. “दिवा?” असं विचारतात, मी “हिरवा” म्हणते, ते “बरं” म्हणतात. चालू असली की ती पेटी गिरणीसारखी घरघरते, हे मला आज सकाळी प्रितेशकडून कळलं. म्हणजे ह्यांना पहिल्यापासून माहीत आहे. तेव्हा खोटं लिहायला भिऊ नका. ते ओळखतील, आणि तरीही नीट समजावून उत्तर सांगतील. आता पिन लावते आणि पाकीट बंद करते. उलट टपाली कळवा.