लाल बसच्या स्प्रिंगबाबत माझी शेवटची इच्छा

मी, घरात आणि दुकानात चिमटी म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे तेवीस, धंदा चावीच्या खेळण्यांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. उद्या सकाळी साडेनऊनंतर मी शुद्धीवर नसेन, म्हणून आजच लिहीत आहे. माझे टॉन्सिल काढायचे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, शाळेतली पोरं करून घेतात हे." पण भूल देण्याच्या संमतीपत्रावर खाली बारीक अक्षरांत एक परिच्छेद आहे. तो मी तीनदा वाचला. शाळेतली पोरे तो वाचत नसावीत.

१. दुरुस्तीला आलेल्या वस्तू. या माझ्या नाहीत, म्हणून आधी त्यांचे. डाव्या खणात निळा ट्रक आहे. त्याचा खटका झिजला आहे. खटका म्हणजे चावी सोडली तरी स्प्रिंगला उलटे सुटू न देणारी लहानशी पट्टी. ती झिजली की चावी गरकन उलटी फिरून बोटांवर आपटते. गिऱ्हाइकाला ट्रक मंगळवारी देण्याचे कबूल केले आहे. मी नसल्यास बुधवारी द्यावा, पण तसे आधी कळवावे.

२. धाकट्या बहिणीला माझी हिरवी मोटार, मागे ओढून सोडायची. तिला चावी फिरवत बसण्याइतका धीर कधीच नव्हता. या मोटारीत मागे ओढताना चाकेच स्प्रिंग आवळतात आणि सोडली की स्प्रिंग चाकांना पुढे पळवते. बहिणीने माझा राखाडी स्वेटर न विचारता नेला होता. तोही आता तिचाच समजावा. मात्र न विचारता नेला होता, ही नोंद राहावी.

३. आईला माझ्या सगळ्या याद्या. त्यांतली "गॅस बंद केला का" ही यादी दरवाजामागे लावलेली आहे.

४. माझी हत्यारे, म्हणजे दोन चिमटे, पाच पेचकस आणि तेलाची सुई, दुकानातच राहावीत. हा धंदा मला आजोबांनी शिकवला. अक्षरांच्या आधी त्यांनी मला दातेरी चाकाचे दाते मोजायला लावले. मोठ्या चाकाला चाळीस दाते असत, म्हणून शाळेत जाण्याआधी मला चाळीसपर्यंत आकडे येत होते. एक्केचाळीस शाळेत कळले. चाळीस दात्यांचे चाक एकदा फिरले की त्याला लागलेले आठ दात्यांचे चाक पाच वेळा फिरते. अशी जोडी दोनदा लावली की स्प्रिंग सावकाश पाच फेरे सुटते तोवर गाडीची चाके सव्वाशे फेरे मारतात. आजोबा स्प्रिंगबद्दल म्हणत, "आपण दिलेलंच परत करते बिचारी, फक्त थोडं आवाजात घालवते. तुझ्या बाबासारखी."

५. निरोप पोचवण्याचे काम. ही माझी सर्वांत मोठी जबाबदारी आहे आणि ती कोणाला द्यावी हे मला सुचत नाही. दुकानात दोन टेबले आहेत, एकमेकांकडे पाठ करून. डाव्यावर बाबा, उजव्यावर काका. दोघे सख्खे भाऊ पंधरा वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. दोन पाठींमध्ये हातभर जागा आहे. तरी बाबा म्हणतात, "चिमटी, त्या टेबलाला सांग, बारीक कानस दे म्हणावं." काका कानस पुढे करत म्हणतात, "चिमटी, या टेबलाला सांग, परवाची अजून परत आलेली नाही." मी दोन्ही निरोप शब्दशः सांगते. न सांगितल्यास दोघेही मान वर करून वाट बघतात. माझ्यामागे हे कोणी करायचे? आईने आधीच "मला वेड लागलेलं नाही" असे कळवले आहे.

६. लाल बस. आता मुख्य गोष्ट लिहिते. अजून शुद्धीवर आहे.

आजोबांनी पत्र्याची एक लाल बस माझ्यासाठी स्वतः बनवली होती. दर शनिवारी तिला चावी देऊन काउंटरवर सोडायची, हा दुकानाचा रिवाज. आजोबा गेल्यावर काका तो पाळत. एका शनिवारी बस निघाली नाही. काकांनी आणखी चावी दिली. आतून फाटकन आवाज आला आणि चावी सैल फिरू लागली.

बाबा म्हणाले, "किती चावी दिलीस? हात आहे का पाना?"

"दादा, पाच फेरेही दिले नाहीत!"

"मग काय बस रुसली?"

त्यानंतर टेबले फिरवण्यात आली. बस वरच्या फळीवर गेली. तिला कोणी हात लावायचा नाही, असे बाबांनी ठरवले आणि काकांनी ऐकले. त्यांचे एकमत झालेली ती शेवटची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी दोघे जेवायला गेले असताना मी बस खाली काढून उघडली. आत पिवळट मेणासारखा थर होता आणि वास ओळखीचा होता. तो माझ्या केसांचा होता.

त्या शनिवारच्या आधी दोन आठवडे बाबांनी मला, वय वर्षे आठ, सांगितले होते, "बसला तेल दे गं." आजोबांची पद्धत अशी, की यंत्राचे तेल सुईच्या टोकावर घ्यायचे आणि दांड्यांच्या टोकांना एकेक थेंब द्यायचा. मला सुई सापडली नाही. यंत्राचे तेलही सापडले नाही. विचारले असते तर "एवढंही येत नाही?" असे ऐकावे लागले असते. म्हणून मी फणीशेजारची डोक्याच्या तेलाची बाटली घेतली आणि चमच्याने घातले. एक चमचा. खरे सांगायचे तर दीड.

ते तेल हळूहळू घट्ट झाले, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले आणि चाके जाम झाली. पूर्ण चावी दिल्याने स्प्रिंग बिघडते हा लोकांचा गैरसमज आहे. पूर्ण आवळली की ती नुसती थांबते. पण चिकटलेली स्प्रिंग लवकरच अडते. चावी जड लागली तेव्हा काकांना वाटले, अजून भरायची आहे. त्यांनी जोर लावला आणि स्प्रिंगचे आतले टोक आकड्यापासून फाटले. चूक काकांची नव्हती. बाबांचीही नव्हती. माझी होती. तीन वर्षे मला हे माहीत आहे आणि तीन वर्षे मी कानशीचे निरोप पोचवत आहे. आता दोघे माझ्याशीही बोलणे बंद करतील, या भीतीने गप्प राहिले. मेल्यावर ती भीती राहणार नाही, असा माझा अंदाज आहे.

म्हणून: बसचा सांगाडा बाबांना. मी त्या मापाची नवी स्प्रिंग आणून तेलकट कागदात ठेवली आहे, ती काकांना. सांगाड्याशिवाय स्प्रिंग म्हणजे नुसती पट्टी आणि स्प्रिंगशिवाय बस म्हणजे डबा. एकाने वेढे दाबून धरायचे आणि दुसऱ्याने टोक आकड्यात अडकवायचे. त्या वेळी "आता सोड" हे त्यांना स्वतःच म्हणावे लागेल. मी नसेन.

७. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचा वाटा रद्द होतो, असे मी वाचले आहे. सगळीकडे तसेच असते की नाही ठाऊक नाही, पण धोका नको. म्हणून वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी आणि त्यांचे यजमान यांना चार वाजता बोलावले आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, पाच वाजून दहा मिनिटे. मावशी आल्या. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, असे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "न वाचता मी एकदाच सही केली होती, लग्नाच्या कागदावर." यजमान खिडकीबाहेर बघू लागले. मावशींनी सगळे वाचले, कलम सहा दोनदा, आणि मी अडवायच्या आत कागद दुकानात नेऊन दोन टेबलांच्या मधोमध धरला.

दोघांनी एकाच वेळी वाचले. मी मागच्या खोलीच्या पडद्यामागे उभी होते.

मग बाबांनी खुर्ची फिरवली.

"पाच फेरे म्हणालास ना तेव्हा?"

"पाचही नाहीत म्हणालो. साडेचार."

"पाच असतील."

"दादा, फेरे मी दिले का तू?"

बराच वेळ ते यावरच बोलत होते. मला कोणी हाक मारली नाही. शेवटी काका म्हणाले, "दादा, त्या पडद्याला सांग, डोक्याचं तेल डोक्याला लावतात."

बाबा म्हणाले, "चिमटी, काका काय म्हणतोय ऐकलंस ना? आणि दीड चमचा? कंजूषपणा तरी करायचास!"

त्यानंतर दोघांनी पेन मागितले. तुम्ही सही केलीत तर तुमचे वाटे जातील आणि बस नि स्प्रिंग दोन्ही माझ्याकडेच राहतील, असे मी त्यांना स्पष्ट समजावले. बाबा म्हणाले, "मग राहू दे की. स्प्रिंग आम्ही आज बसवतो. शनिवारी चावी तू द्यायचीस, घसा दुखला तरी." मालकीण हजर असणे आता भाग आहे, हे मला मान्य आहे.

सही: चिमटी
स्थळ: दुकानाची मागची खोली, पडद्यामागे
दिनांक: या महिन्याची नऊ, गुरुवार

साक्षीदार पहिला: बाबा. वाचले. फेरे पाच होते.

साक्षीदार दुसरा: काका. साडेचार.