ऑपरेशनच्या खोलीतला धूर

बुडापेस्ट

तीर्थरूप बाबांना भाविकाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही नीट चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे? दापोड्याच्या गोडाऊनला चालत जाऊ नका, मनोजदादाच्या गाडीवर बसा.

आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र आता इथल्या हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या खोलीत ठेवलंय. विजेच्या सुरीने गाठ कापताना धूर निघतो, तो नळीने यंत्रात येतो. त्यातल्या रेणूंचं वजन करून यंत्र लगेच सांगतं, कापलेली जागा निरोगी आहे की कॅन्सरची.

काल एका बाईंच्या स्तनातली गाठ काढली. सर्जन म्हणाले, "सगळी निघाली." माझ्या पडद्यावर मात्र अजून रोग दिसत होता. मी सांगितल्यावर त्यांनी आणखी थोडं कापलं, तेव्हा कुठे धूर स्वच्छ आला.

आईच्या वेळी डॉक्टर हेच म्हणाले होते. थोडं राहिलंय हे रिपोर्ट आल्यावर कळलं आणि दुसरं ऑपरेशन तिला सोसलं नाही. तेव्हापासून तुम्ही म्हणता, "मीच तिला मुंबईला नेली न्हाय, चूक माझीच हाय."

बाबा, कालचे सर्जन इथले सगळ्यांत अनुभवी आहेत. त्यांनाही ते डोळ्यांनी दिसलं नाही. मुंबईतही दिसलं नसतं. हे यंत्र तेव्हा आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

फोनवर हे बोलायला मला जमलं नसतं.

संध्याकाळी त्या बाईंचे यजमान माझे दोन्ही हात धरून बराच वेळ बोलत राहिले. भाषा कळली नाही. मला एवढंच वाटलं, त्यांच्या जागी तुम्ही असायला हवे होतात.

तुमची,
भाविका