कोरा ठेवलेला खांब

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही गेला नाही. बांधकाम मी तुमच्याच हाताखाली शिकलो. "आधी ऊन कुठून येतं ते बघ, नक्षी मागाहून," असं तुम्ही मोकळ्या जागेत उभे राहून सांगायचात. आज पेठांतले लोक माझ्या चौकांतल्या उजेडाचं कौतुक करतात, तेव्हा मी नुसती मान डोलावतो, तुमचं नाव घेत नाही. पण शनिवार पेठेतला सरदारांचा वाडा मला कधी पटला नाही. दिवाणखान्यातल्या सगळ्या सागवानी खांबांवर तुम्ही केळफुलं कोरवलीत आणि एकच खांब कोरा सोडलात. मी कारण विचारलं. "दृष्ट लागू नये म्हणून." मी म्हटलं, बाकीच्या वाड्यांत तर असं काही सोडलं नाहीत. तुम्ही ओळंब्याची दोरी गुंडाळत सांगितलंत, "बाकीचे वाडे एवढे देखणे नव्हते." सगळे हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, लाकूड आतून पोकळ असणार. पटाशी लावली तर पितळ उघडं पडेल, म्हणून हे दृष्टीचं निमित्त.

परवा सरदारांच्या चिरंजीवांनी मला बोलावलं. दिवाणखान्यावर आणखी एक मजला चढवायचा आहे. मी त्या खांबापाशीच अडलो. खाली त्यांची लेकरंबाळं निजतात. खांब पोकळ असेल तर मजला त्यांच्या अंगावर यायचा, आणि तसं बोलून दाखवावं तर तुमच्या नावाला बट्टा. "याला गिरमिट लावून बघतो," मी म्हटलं.

"अहो, आपल्या वडिलांनी उभा केलाय. आपण कशाला तपासता?"

"वडिलांनी उभा केलाय म्हणूनच."

सुताराला बाजूला सारून गिरमिट मी स्वतः फिरवलं. भुसा कोरडा, सोनेरी येत राहिला, अगदी गाभ्यापर्यंत. वरचा मजला खांब सहज पेलेल. चिरंजीव निश्चिंत झाले, मी कामाला होकार दिला. म्हणजे तुम्ही दृष्टीचं खरंच मनापासून म्हणाला होतात, की त्यातही काही मेख होती, ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्याकडे जाणारा जासूद कुठे मिळतो ते ठाऊक नाही, तेव्हा हा कागद माझ्यापाशीच राहील. म्हणून सांगून टाकतो. तुमचं एक तरी काम चुकलेलं निघावं, एवढ्याच आशेवर मी स्वतःला थोर समजत आलो. लाकूड निकोप निघालं, तेव्हा मला आधी वाईटच वाटलं.