दर तीन महिन्यांनी

मंगळवार, ९ जून

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतोस की नुसतेच लेकीला ‘केले’ म्हणून सांगतोस? आम्ही इकडे ठीक. माझ्या सुनेची नोकरी पक्की झाली. नातवाला पुढचे दोन दात आले आहेत आणि तो भेटेल त्याला चावतो आहे.

आपल्या रुग्णसाहित्य केंद्राचं काम जोरात चालू आहे. खाटा सगळ्या पेशंटांच्या घरी गेल्या आहेत, व्हीलचेअरला मागणी फार. जिन्याखालच्या खोलीत कुबड्या आणि कमोडच्या खुर्च्या अशा कोंबल्या आहेत की एक ओढली की चार अंगावर येतात.

आता मीटिंगचं. कार्यकारिणीने वर्षातून किती वेळा भेटावं, हे ठरवण्यासाठी आम्ही मे महिन्यात तीन वेळा भेटलो. हसू नकोस. मलाही आधी हसू आलं होतं, तिसऱ्या वेळेपर्यंत डोक्यात नुसती तिडीक उठत होती.

पहिल्या मीटिंगला वकीलसाहेबांनी संस्थेची घटना काढली आणि ‘वेळोवेळी’ या शब्दाचा अर्थ काय, यावर चहा गार होईस्तोवर बोलले. बँकवाले म्हणाले, “इतकी वर्षं दर तीन महिन्यांनी भेटतोय, काही अडलंय का?” मी म्हटलं, “अडलंय.” तर म्हणाले, “अहो, तसं किरकोळ अडतंच.” हार्डवेअरवाले दुकान नोकरावर टाकून आले होते, त्यांचं निम्मं लक्ष फोनमध्ये. डॉक्टरीणबाई तेवढ्या म्हणाल्या, “दर महिन्याला भेटू, अर्धा तास, चहाबिहा नको.” चहा नको म्हटल्यावर बँकवाल्यांचा चेहरा पाहायला हवा होतास.

दुसऱ्या मीटिंगला तू फोनवर होतासच. आधी “आवाज येतोय का? येतोय का आवाज?” यातच बराच वेळ गेला. मग तू म्हणालास, “दर महिन्याला जमून करणार काय? गप्पाच हाकाल. मी दर तीन महिन्यांनी एवढा प्रवास करून येतो ते पुरे आहे.” आणि फोन ठेवलास. वकीलसाहेब टेबलावरचे चहाचे ओघळ पुसत बसले. मी तुझी धाकटी बहीण, म्हणून सगळे माझ्याकडे बघायचे टाळत होते.

तिसऱ्या मीटिंगला तुला बोलावणं होतं. तू आला नाहीस, फोनही घेतला नाहीस.

(इथे कालच थांबले होते. पुढचं लिहायचं होतं, पण उगाच कपाट आवरत बसले.)

दादा, मार्चमध्ये मी तुला फोन केला होता, आठवतो? ऑक्सिजनच्या एका मशीनचा कॉम्प्रेसर गेला होता, दुसरं मशीन आधीच एका पेशंटकडे. दुरुस्तीचा खर्च मोठा, आणि मोठ्या खर्चाला कार्यकारिणीची मंजुरी लागते, हा नियम अध्यक्ष म्हणून तूच घातलेला. मी म्हटलं, “एका पेशंटला घरी न्यायचंय, मशीनवाचून अडलंय.” तू म्हणालास, “अगं, पुढच्या महिन्यात येतोच आहे मी, तेव्हा बघू.”

कोणाला हवंय ते तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

शिंपीकाकांना हवं होतं.

हो, आपलेच शिंपीकाका. वहिनी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या खाटेच्या गादीला रात्रीत रेक्झिनची खोळ शिवून देणारे. नंतर केंद्राच्या सगळ्या गाद्यांच्या खोळी त्यांच्याच हातच्या. त्यांचं फुप्फुस कामातून गेलं होतं. बरं होण्यासारखं काही नव्हतं. घरी मशीन असेल तर खुशाल घेऊन जा, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं. भाड्याचं मशीन त्यांना झेपणारं नव्हतं. मी भेटायला गेले की ते खिडकीकडे तोंड करून पडलेले असायचे. वॉर्डातल्या पडद्याची शिवण उसवली होती, तिच्यावर त्यांचा फार राग. “हे बघा, टाका कसा घातलाय, हात आहेत की खुरपी,” म्हणायचे, आणि मग एकदम, “मशीनचं काही जमतंय का ताई? घरी पडलो असतो.” मी म्हणायचे, “मीटिंग होऊ द्या काका.”

ते हॉस्पिटलातच गेले. मीटिंगच्या तीन आठवडे आधी.

काकू वॉकर परत करायला आल्या होत्या. धुऊनपुसून आणला होता. जाताना सहज म्हणाल्या, “मीटिंग झाली का हो तुमची?” मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात आहे.” त्या “बरं” म्हणाल्या. टोमणा नव्हता रे तो. टोमणा असता तर मी सोसला असता.

आणि एप्रिलच्या त्या मीटिंगला तू आलास, दुरुस्तीचा विषय निघाला आणि चहा यायच्या आत मंजूरही झाला. तू जिना उतरताना विचारलंस, “शिंपीकाका दिसले नाहीत कुठे?” मी सांगितलं, “गेले.” तू म्हणालास, “अरेरे, कळवायचं तरी.” तुझी बस होती. मी गिळून टाकलं ते आजपर्यंत.

मार्चमध्ये काकांचं नाव घेतलं असतं तर तू तिथल्या तिथे ‘कर दुरुस्त’ म्हणाला असतास, मला ठाऊक आहे. पण मग ज्याचं नाव तुला माहीत नाही, त्याने काय करायचं? तुझ्या ओळखीचं निघण्याची वाट बघायची? म्हणूनच मी नाव घेतलं नव्हतं, तुला ‘एक पेशंट’ एवढ्यावरच हो म्हणताना ऐकायचं होतं. ती माझी घमेंड. तिची शिक्षा काकांना झाली, आणि तुझ्यावर मी जितकी चिडले आहे त्याहून जास्त स्वतःवर.

तर तिसऱ्या मीटिंगचं. दर महिन्याला भेटायचं ठरलं. वकीलसाहेब आणि बँकवाले तुझ्या शब्दाखातर विरोधात, डॉक्टरीणबाई आणि हार्डवेअरवाले बाजूने. पाचवं मत माझं. मी हात वर केला तेव्हा बँकवाले म्हणाले, “ताई, दादांना विचारलंत का?” मी म्हटलं, “विचारलं होतं. मार्चमध्ये.”

आणि ज्याला दर महिन्याला येता येत नाही त्याने अध्यक्षपदी राहू नये, असा दुसरा ठरावही झाला. तो मीच मांडला. हार्डवेअरवाल्यांनी अनुमोदन दिलं आणि विरोधात कोणी हात वर केला नाही. अध्यक्ष आता डॉक्टरीणबाई. तू संस्थापक आहेसच, ते कोणाच्या मतावर नाही.

इतिवृत्त संस्थेच्या पाकिटातून येईल. ते तुला परक्यासारखं वाचायला लागू नये म्हणून हे पत्र आधी टाकते आहे. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. तू ओरडला असतास आणि मी लहानपणासारखी मागे सरले असते.

जुलैच्या पहिल्या शनिवारी मीटिंग आहे. ये. सभासद म्हणून ये, माझ्याशी भांडायला ये. आधी काकूंकडे जाऊ, मग काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन, पण ठराव बदलणार नाही.

तुझ्यावर चिडलेली, आणि तरी तुझीच,
बारकी