सुया की पापुद्रे

३ जून
आजही पापुद्रेच! भांड्याच्या तळाशी तेच चपटे, चकचकीत स्फटिक. इतकी वर्षं या औषधाचे स्फटिक लांब, टोकदार यायचे, आमच्या भाषेत सुया — तीच पावडर, तेच द्रावण, तेच माझे हात. गेल्या महिन्यात हे पापुद्रे कुठून उपटले कुणास ठाऊक, आणि आता सुया धरतच नाहीत.

साहेब म्हणाले, "अहो, रेणू तोच ना? मग अडलं कुठे?" मी कँटीनमधून चमचे आणून त्यांच्या टेबलावर मांडले. एकात एक बसवले — घट्ट. उलटसुलट ठेवले — सैल. रेणूंचंही असंच. पापुद्र्यांत ते इतके घट्ट बसतात की पोटात विरघळतच नाहीत. औषध घेतलं काय, न घेतलं काय! साहेबांनी त्यातलाच एक चमचा उचलून चहा ढवळला. पटलं असावं.

७ जून
नवी भांडी आणली, भिंती धुतल्या. व्यर्थ! डोळ्याला न दिसणारा एक कण पडला तरी पुरे, बाकीचे रेणू त्याचंच बघून रांगा लावतात. आणि असे कण माझ्या केसांत, बाह्यांत, चपलांतही असणार. आकडीच्या पेशंटांसाठी सुयांच्या जुन्या कॅप्सूल तेवढ्या उरल्यात. आमचे बाबाही त्याच पेशंटांतले.

८ जून
ताईला फोन केला. तिची लॅब दुसऱ्या गावात, या पापुद्र्यांचा वाराही न लागलेली. तिथे सुया करून बघते म्हणाली. "पावडर थेट कारखान्यातून मागवते, तुझ्याकडची नको. आणि छकुले, काम होईपर्यंत माझ्या आसपास फिरकायचं नाही!"

चाळिशी उलटली तरी मी छकुली, आणि वर वाळीत टाकलेली! राग आला. पण बरोबर आहे तिचं.

१५ जून
ताईच्या बाटलीत सुया!! आता त्याच बी म्हणून टाकून मोठं भांडं लावणार.

१८ जून
बाबा पडले. आकडी आली, कपाळाला खोक पडली. आता शुद्धीवर आहेत, बोलतायत. दवाखान्यात न्यायला कपडे भरताना उशीच्या अभ्र्यात कॅप्सूल सापडल्या. एक दिवसाआड घेत होते! "तुम्ही दोघी एवढ्या खपताय, म्हटलं आपण जरा पुरवून वापराव्यात." त्यांच्यावर ओरडणार होते, रडूच आलं.

१९ जून
ताई आली. मी शेजारणीचा ड्रेस घालून, केस पुन्हा पुन्हा धुऊन, खाटेच्या पलीकडे भिंतीला चिकटून उभी.

"परक्यासारखी लांब काय उभी राहिलीस?"

"तूच म्हणाली होतीस ना —"

"खड्ड्यात गेल्या सुया!" आणि आलीच, घट्ट मिठी मारली. मी तिला ढकलायला हवं होतं. नाही ढकललं. किती दिवसांनी कुणीतरी धरलं होतं मला! बाबा म्हणाले, "अरे, पेशंट मी आहे!"

२६ जून
ताईच्या मोठ्या भांड्यात पापुद्रे. तिच्याकडे होत्या तेवढ्या सुया टाकल्या होत्या, त्याही गेल्या. एवढंच सांगून तिने फोन ठेवला. मीच दिले ते कण, त्या मिठीत. बाबांना कॅप्सूल आता रोज मी हाताने देते आणि डबी हलवून बघते. फारशी वाजत नाही.

२८ जून
ताईचा फोन. बाबांना बघायला निघण्याआधीच तिने अर्ध्या सुया लांबच्या एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये पाठवून दिल्या होत्या. तिथलं मोठं भांडं आज उघडलं — सगळ्या सुया!!

"अगं, पण निघायच्या आधीच हे कसं सुचलं तुला?"

"तुला बघितलं की मला राहवणार नाही, हे मला माहीत होतं ना."