पट्टा वाजला नाही

भांडुप, ६ जानेवारी २०२५

चि. संघमित्रास,
अ. आ. आणि जयभीम.

फोन करू नकोस म्हणालो त्याचा राग मानू नकोस. फिट येऊन गेली की आदल्या दिवसाचं बोलणं पुसून जातं. कागद परत वाचता येतो.

तुझ्या लॅबने मनगटाला बांधलेला पट्टा झकास चाललाय. डिसेंबरात तीन फिट आल्या, तिन्ही वेळा आधी वाजला. मी शिलाई मशीनवरून उठून चटईवर आडवा झालो. उगाचही वाजतो, दिवसातून चार-पाचदा, पण चालतं. मामी विचारते, पीएचडी झाली तरी पोरगी अजून शिकतेच का? मी तिला पोस्टडॉक म्हणजे काय ते समजावलं. मला स्वतःला कळलं नाही ते सोड.

एकोणिसाव्या वर्षी फिट सुरू झाल्या, तेव्हापासून मी एकटा कुठे गेलो नाही. आता पट्टा आहे. वर्सोव्याहून बोटीने मढला जाऊन यायचं मनात आहे. मामीला बोलू नकोस.

जेवणाच्या वेळा पाळ. मामाला विसरू नकोस.
सीताराममामा

---

अंधेरी, २० जानेवारी २०२५

ती. मामास,
संघमित्राचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मामा, मढला एकटा जाऊ नकोस. पट्ट्यावर विसंबू नकोस. गोळ्या चालूच ठेव.

चूक माझी आहे. ज्या दिवसांच्या नोंदींवरून कॉम्प्युटरला फिट ओळखायला शिकवलं, त्यातल्याच काही दिवसांवर त्याची परीक्षा घेतली गेली. पेपर आधीच दाखवल्यासारखं झालं. नवीन दिवस दिले तर तो अंदाजपंचे वाजतो. दिवसातून इतक्यांदा वाजणारं काहीही कधीतरी बरोबर ठरणारच ना.

नऊ तारखेला हे लक्षात आलं. तेव्हापासून पुन्हापुन्हा तपासतेय, बसवत नाही, उठून फेऱ्या मारते. लॅबचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, पट्ट्यावरचा आपला लेख मार्चमध्ये मासिकात छापून येऊ दे, मग बघू. माझी नेमणूकही मार्चमध्येच संपते आणि ती वाढवणं त्यांच्या हातात आहे.

मामीला नमस्कार. माया असू दे.
संघमित्रा

---

भांडुप, २३ जानेवारी २०२५

संघमित्रा,

पत्र काल मिळालं. मी अठरा तारखेला गेलो होतो.

बोटीत चढायच्या आधीच धक्क्यावर पडलो. पट्टा वाजला नाही. प्रेमा नावाच्या कोळणीने टोपल्या बाजूला सारून मला कुशीवर वळवलं. कुणी नाकाला चप्पल लावायला आला, त्याला तिने हाकलला म्हणे. पडताना कापलेल्या उजव्या तळहाताला सहा टाके आहेत, कात्री धरता येत नाही. हे पत्र मामी लिहितेय, मी सांगतोय.

नऊ ते वीस म्हणजे अकरा दिवस. मी फोन नको म्हटलं होतं, मामीने नव्हतं म्हटलं. तिला एक ओळ टाकायला किती वेळ लागतो गं?

सीताराम

---

अंधेरी, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,
सप्रेम जयभीम.

अकरा दिवस मी पत्र टाकलं नाही. मी घाबरले होते, नोकरीसाठी.

तुझं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी मासिकाला कळवलं, लेख मागे घेतला. सर खूप बोलले. नेमणूक वाढणार नाही, एकतीस मार्च शेवटचा दिवस.

तुझ्यासारखे पट्टे आणखी चौदा जणांकडे आहेत, त्यांच्या घरी स्वतः जाऊन ते काढून घ्यायचं ठरवलं. बोरिवली, घाटकोपर, गोरेगाव झालं. कुणी चिडले, कुणी पाणी दिलं. मुलुंडला अडले. निधी चोवीस वर्षांची आहे. तिची आई म्हणाली, पट्टा आल्यापासून मी हिला खोलीत सोडून स्वयंपाकघरात तरी जाते, तो राहू दे, खोटा असला तरी राहू दे. मी सगळं पुन्हा सांगितलं. तिने माझ्यासमोर दार लावलं. पट्टा तिथेच आहे आणि मला कशातच चैन नाही.

तू बोलला नाहीस तरी चालेल. टाके निघाले का, तेवढं मामीने कळवावं.

तुझी,
संघमित्रा

---

भांडुप, १३ फेब्रुवारी २०२५

चि. संघमित्रास,
अ. आ.

टाके निघाले. हे माझं अक्षर आहे, वाकडं आहे, समजून घे. राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? मामी म्हणते, जाईल.

रविवारी मला घ्यायला ये, मुलुंडला जाऊ. कॉम्प्युटरचं तू सांग, मग मी निधीच्या आईला हातावरचे व्रण दाखवतो. वर्सोव्याला पडलो तेव्हा पट्टा गप्प होता, हे तिने माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. तरी दार लावलं तर जिन्यावर बसू आणि थोड्या वेळाने परत बेल वाजवू.

तुझा
मामा