नकाशावरची हिरवी वस्ती

४ एप्रिल
टँकर आजबी आला न्हाई. ग्रा.पं.त जाऊन विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, तुमच्या वस्तीत घरोघर नळाला पाणी आहे, टँकर बंद. मी म्हटलं, नळ आहेत, पाणी कुठाय? त्यानं मोबाइलवर सरकारी नकाशा दाखवला. आमची वस्ती हिरवीगार, म्हणजे पाणी पोचलेली. डोकंच फिरलं.

५ एप्रिल
सकाळी मंठाळला माझं झेरॉक्सचं दुकान उघडलं, लोकांच्या पहाणीच्या, म्हणजे सातबाऱ्याच्या, प्रिंटा बाजूला ठेवल्या, आधी तो नकाशा काढला. सगळी माहिती जगाला खुली. आमच्या गल्लीपुढं लिहिलंय, पाणी येतं, घरच्या बायकांनी सांगितलं.
आमच्या घरची बाई म्हणजे अक्का. थोरली बहीण, तरी ओरडलो तिच्यावर. सर्वेवाल्याला खोटं कामून सांगितलंस?
"उन्हातनं आलं होतं लेकरू. नळाला पानी येतंय का म्हनला. दारात आलेल्याला पान्याला न्हाई म्हनायचं व्हय रे?"
तांब्या भरून दिला, वर "येतंय की, बसा" म्हणाली. गल्लीतल्या साऱ्याजणींनी तेच केलं. आईनं मलाबी हेच शिकवलंय.

९ एप्रिल
तालुक्याला जाऊन आलो. तिथली बाई कन्नडात म्हणाली, डेटा बेंगळुरूत. बेंगळुरूला फोन लावला तर म्हणे, माहिती खालून आलीया, खालीच विचारा. नकाशा बघायला सगळ्यांना मुभा, दुरुस्त करायला कुणालाच न्हाई. असली कसली खुली माहिती, डोंबलाची!
अक्का शेतातल्या विहिरीवरनं घागर आणायलीय. गुडघे धरून बसते. मी तक्रार नंबर घेऊन बसलोय.

१६ एप्रिल
फेरतपासणी मंजूर! माणूस येणार. अक्काला रोज शिकवायलोय, विचारलं की सरळ न्हाई म्हण. मान हलवते, पण तोंडातनं शब्द काढत न्हाई. आज लई चिडलो. म्हणालो, तुझ्या एका शब्दावर सगळ्या वस्तीचा टँकर अडलाय. ती उठून आत गेली. एवढं बोलायला नको होतं.

२१ एप्रिल
माणूस भर दुपारी आला, घामाघूम. अक्कानं चटई टाकली. त्यानं विचारलं. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "न्हाई."
न्हाई म्हटल्यावर तांब्या कसा देणार? आत अर्धी घागर होती. त्यानं कोरड्या नळाचा फोटो काढला, ओठावरनं जीभ फिरवली आणि गेला. काम झालं म्हणून बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

२८ एप्रिल
नकाशा हिरवाच. बेंगळुरूला फोन केला. नोंद पोचली म्हणे, पण नकाशा वर्षातनं एकदा बदलतो, यंदाचा होऊन गेला. तोवर टँकर? ते आमच्याकडं न्हाई, म्हणाला.
अक्काला सांगितलं. तो माणूस येऊन गेला त्या दिवसापासनं ती नीट जेवली न्हाई. "तहानलेला गेला रे आपल्या दारातनं," एवढंच म्हणते.
आज भाकरी थापता थापता विचारलं तिनं, "उद्या कुनी आलं तर काय सांगू?"
मी घागर उचलली आणि विहिरीकडं निघालो.